वडाखालचं सॉफ्टवेअर

सर्वेक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आता अशी सोय आली आहे की उत्तर देणारा माणूसच लागत नाही. क्वालट्रिक्ससारख्या बड्या कंपन्या 'सिंथेटिक' उत्तरदाते विकू लागल्या आहेत. तुम्ही प्रश्नावली द्यायची, 'चाळिशीतली, निमशहरी, दोन मुलांची आई' असं वर्णन द्यायचं, की आधीच्या उत्तरांच्या ढिगावर पोसलेलं मॉडेल अशी बाई काय म्हणाली असती ते सांगून टाकतं. खऱ्या बाईची कटकट फार. तिचा कुकर गॅसवर असतो, ती दार अर्धंच उघडते आणि वर 'हे सगळं कशासाठी विचारताय?' असा उलटा सवालही करते. मॉडेलला कुकर नाही, दार नाही आणि सवाल तर नाहीच.

आपल्याकडे ही सोय फार जुनी. तिला इंटरनेट लागत नसे. वडाची सावली, बॉलपेन आणि कल्पक डोकं एवढ्यावर भागे. गाव फाट्यापासून चार किलोमीटर आत, एसटी दिवसातून एकदा, फॉर्मामागे ठरलेले पैसे आणि संध्याकाळपर्यंत गठ्ठा पुरा करायचा. असं गणित मांडून दिल्यावर प्रगणक वडाखाली बसतो आणि घरोघरची उत्तरं स्वतःच देतो. हुशार असेल तर मधूनमधून अक्षर वळवतो. फार हुशार असेल तर दोनचार 'सांगता येत नाही' पेरतो.

संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांना हा वड चांगला ठाऊक होता. 1930च्या दशकात बंगालमध्ये तागाच्या पिकाची पाहणी करताना त्यांनी मोजणारा माणूस चुकणार, कधी मुद्दामही चुकणार, हे आधीच धरलं होतं. म्हणून एकाच भागातून दोन स्वतंत्र नमुने काढायचे, दोन वेगळ्या तुकड्या पाठवायच्या आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवायचे. त्यांतली तफावत म्हणजे आपल्या कामाची लायकी. ती झाकायची नाही, छापायची. हे फीचर आज कुठल्याही जाहिरातीत दिसत नाही. त्याला दोन तुकड्यांचा प्रवासभत्ता लागतो, आणि त्यातून निघतं काय, तर आपलीच चूक.

नवं सगळंच टाकाऊ आहे असं मात्र नाही. कोबोटूलबॉक्स, सर्वेसीटीओ अशी पाहणीची ॲप्स मुलाखत कुठे झाली, कधी सुरू झाली, कधी संपली याची नोंद ठेवू शकतात. सर्वेसीटीओ तर मधलं संभाषणही ध्वनिमुद्रित करू शकतं. वडाखाली बसणाऱ्याची यात खरी पंचाईत. गेल्या काही वर्षांतली सर्वांत उपयोगी सुधारणा कोणती, असं मला विचारलं तर मी हीच सांगेन. फक्त या नोंदी वाचणारा पर्यवेक्षक लागतो, आणि साहेबांच्या भिंतीवरच्या स्क्रीनवर त्यांना जागा नसते. तिथे भारताचा नकाशा असतो, आणि जिल्ह्यावर बोट ठेवलं की तो फुगतो.

त्या स्क्रीनवरच्या सोयींची कहाणी निराळीच. 2019 मध्ये डॅशबोर्ड बनवणाऱ्या टॅब्लोने 'आस्क डेटा' आणलं: साध्या इंग्रजीत प्रश्न टाका, आलेख मिळवा. 2024 मध्ये ते काढून टाकलं. त्याच वर्षी 'पल्स' आलं, जे आकड्यांत काय हललं ते न विचारता आपणहून तुम्हाला कळवतं. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयमध्ये कोपायलट पानभर आकड्यांचा सारांश दोन परिच्छेदांत लिहून देतो. म्हणजे उत्तर देणारा आधीच गेला होता, आता विचारणाऱ्याचीही गरज नाही. उरला तो सारांश साहेबांना पुढे पाठवणारा. त्याची नोकरी तूर्त पक्की आहे.

मधल्या मध्ये आकड्यांना मात्र टाय लावून उभं केलं जातं. तिघांना विचारलं, दोघे हो म्हणाले. पडद्यावर येतं 66.67 टक्के. तिघांच्या मताला दोन दशांश स्थळं! आणि 'एनपीएस' नावाचा तो लाडका काटा. फ्रेड राइकहेल्ड यांनी 2003 मध्ये तो हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधून जगापुढे आणला. आमची शिफारस मित्राला कराल का, शून्य ते दहा गुण द्या. नऊ-दहा देणारे समर्थक, सात-आठ देणारे ना इकडचे ना तिकडचे, आणि शून्यापासून सहापर्यंतचे सगळे एकजात निंदक. समर्थकांच्या टक्क्यांतून निंदकांचे टक्के वजा केले की झाला गुण. आता आपल्याकडे साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. त्यावर पेढे वाटलेली एक अख्खी पिढी आहे. बँकेचं काम बरं झालं म्हणून तिने मोकळ्या मनाने सहा गुण दिले, की डॅशबोर्डवर लाल बाण आणि काउंटरवरच्या पोराला मेमो. म्हणून तर हल्ली सामान हातात देण्याआधीच 'सर, फाइव्ह स्टार द्या ना' अशी विनवणी होते. नंतर मुख्यालयात समाधान 94 टक्के दिसतं आणि सगळे टाळ्या वाजवतात.

टाळ्या दिल्लीतही वाजतात. मार्च 2021 मध्ये केंद्राने पोषण ट्रॅकर आणला. अंगणवाडीत मुलाचं वजन नोंदवलं की आकडा थेट वरच्या डॅशबोर्डवर. कल्पना वाईट नाही. पण महाराष्ट्रातल्या सेविकांच्या हातात दोन जीबी रॅमचे फोन होते, जे ॲप उघडताच धापा टाकत, आणि ॲप बोलत होतं इंग्रजी. आयुष्यभर मराठीत रजिस्टरं भरलेल्या, गावातल्या प्रत्येक बाळाचं वजन तोंडपाठ असलेल्या बायकांनी रोमन लिपीत त्या बाळांची नावं टंकायची. बरं, फोन बिघडला तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हाही वाद होताच. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी प्रकल्प कार्यालयांत जाऊन सरकारी फोन परत केले. टेबलांवर मोबाइलचे ढीग लागले. सॉफ्टवेअरबद्दल ग्राहकाचा अभिप्राय इतक्या ठोसपणे क्वचितच नोंदवला गेला असेल. त्यात एनपीएस काढायची गरज नव्हती. ॲपमध्ये भारतीय भाषा पुढे आल्या, नवे फोनही आले. पण आधी दिल्लीचा पडदा सजला आणि मग सेविकेची भाषा आठवली, हा क्रम मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर ठरतं, हे या पडद्यांना कधीच कळत नाही. 1999-2000च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत खाण्यावरचा खर्च एकाच घरात गेल्या तीस दिवसांचाही विचारला आणि गेल्या सात दिवसांचाही. एका उत्तराची सावली दुसऱ्यावर पडली. 1993-94 मध्ये 36 टक्के असलेली गरिबी 26 टक्क्यांवर आली, आणि त्यातली किती घट खरी, किती प्रश्नावलीची, यावर अर्थतज्ज्ञ पुढे वर्षानुवर्षं भांडले. तेव्हा डॅशबोर्ड असता तर हिरवा बाण, खाली तोंड, विषय संपला.

त्याच खर्च-पाहणीची पुढची गंमत ऐका. 2011-12ची पाहणी प्रसिद्ध झाली. 2017-18ची पूर्ण झाली, पण नोव्हेंबर 2019 मध्ये सरकारने 'दर्जा ठीक नाही' म्हणून ती प्रसिद्ध करायची नाही असं ठरवलं. त्याआधी वर्तमानपत्रात फुटलेल्या आकड्यांप्रमाणे महागाई वजा जाता माणशी खर्च आधीच्यापेक्षा घटला होता. मग थेट 2022-23ची आली, तीही विचारण्याची पद्धत बदलून. म्हणजे आलेखावर दोन ठिपके आणि मध्ये अकरा वर्षांचं रिकामं मैदान. एक्सेलला याची मुळीच अडचण वाटत नाही. रिकाम्या जागा कशा दाखवू, असं तो नम्रपणे विचारतो: मोकळ्या सोडू, शून्य धरू की रेघेने जोडू? बहुतेक जण जोडायला सांगतात, आणि 2011-12पासून 2022-23पर्यंत एक सरळ चढती रेघ उमटते. 2017-18वरूनही ती अडखळल्याशिवाय जाते. रेघेला गोलाई हवी असेल तर त्यासाठीही वेगळी चौकट आहे. तिच्यावर टिचकी मारा, कोपरेसुद्धा जातील.