निशाणी टूथब्रश

२० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला मी उभा होतो. हे सांगितलं की लोक कळवळून विचारतात, “किती वेळ? आमच्या केंद्रावर तर रांगच नव्हती.”

मग मी खुलासा करतो, की मी उमेदवार म्हणून उभा होतो. त्यावर ते विषय बदलतात.

उभं राहण्याचं कारण आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. तिथल्या चेंबरचं झाकण त्या जूनमध्ये तुटलं. दुसऱ्या दिवशी कुणा सज्जनानं भोकात शेवग्याची फांदी खोचली आणि तिला लाल फडकं बांधलं. ही आपल्याकडची मान्यताप्राप्त पद्धत आहे. फांदी लागली की काम झालं असं समजून सगळे घरी जातात. मी मात्र महापालिकेत गेलो. तेव्हा राज्यातल्या महापालिका प्रशासकांच्या हाती होत्या, त्यामुळे नगरसेवक माजी झालेले आणि साहेब मीटिंगमध्ये. तिथून आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेलो. तिथला मुलगा हळहळला. म्हणाला, “काका, आधी सांगायचं ना! आता आचारसंहिता लागेल.” महिना ऑगस्टचा होता. आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली.

तेव्हा ठरवलं, की स्थानिक प्रश्न आणि नागरी मूल्यं या दोन मुद्द्यांवर आपणच अपक्ष लढायचं. ही म्हणाली, “लढा. पण दिवाळीची साफसफाई झाल्यावर.”

अर्ज भरणं हे मतं मागण्यापेक्षा अवघड आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. आमच्या सोसायटीत ८४ फ्लॅट. नऊ सह्या चार दिवसांत झाल्या. दहावे गृहस्थ सही करायला एका अटीवर तयार झाले: वचननाम्यातून पार्किंग काढायचं. त्यांच्या दोन गाड्या फाटकासमोरच्या फुटपाथवर असतात. मी पार्किंग काढलं. (वचननाम्यातून. गाड्या अजून तिथेच आहेत.)

प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा ठेवून चालत नाही, “निरंक” तरी लिहावं लागतं. वकीलसाहेब विचारत गेले. “गुन्हे?” निरंक. “एखादा आंदोलनातला तरी?” निरंक. “कारखाना, शिक्षणसंस्था, पतपेढी?” निरंक. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “मग लोक तुम्हाला ओळखतात कशावरून?” मी म्हटलं, “पाच वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो.” ते घाईनं म्हणाले, “ते कुठेही लिहू नका. होती ती मतं जातील.”

अनामत १० हजार रुपये. त्या टेबलावर एका उमेदवारानं ती रुपयाच्या नाण्यांत आणली होती आणि तिघे कर्मचारी मोजत बसले होते. माझ्या नोटा कुणी धड पाहिल्याही नाहीत.

चिन्ह म्हणून मला झाडू हवा होता, पण तो राष्ट्रीय पक्षाकडे. मुक्त चिन्हांच्या यादीतून मी टूथब्रश मागितला. माझा पहिला मुद्दा रस्त्यावर थुंकण्याचा, तेव्हा स्वच्छतेची सुरुवात तोंडापासून, अशी त्यात एक सूक्ष्म सूचना होती. ती कुणालाही पोचली नाही. प्रचारभर मला एकच प्रश्न आला: “ब्रश वाटणार कधी?” बायकांच्या खात्यात महिना दीड हजार येत होते, एका आघाडीनं एकवीसशे कबूल केले होते, दुसरीनं तीन हजार. अशा बाजारात मी “घरपट्टी वेळेवर भरा” म्हणत फिरत होतो. म्हणजे आख्ख्या महाराष्ट्रात मतदाराकडेच पैसे मागणारा उमेदवार बहुधा मी एकटाच.

४ नोव्हेंबर हा माघारीचा दिवस, दुपारी तीनपर्यंत. आदल्या दिवशी भाऊबीज होती. गावोगावी नेते बंडखोरांच्या घरी फराळाला जात होते, कुणाला महामंडळ, कुणाला पुढच्या वेळी विधान परिषद. मीही चिवडा जास्त करायला सांगितला होता. कुणी आलं नाही. माझं नाव एखाद्या बड्या उमेदवाराच्या नावासारखं असतं, तरी दोन्ही बाजूंनी विचारपूस झाली असती. तेही नशिबी नव्हतं. तीनला दहा मिनिटं असताना निवडणूक कचेरीतल्या एका कारकुनाचा तेवढा फोन आला. आवाजात खरं आर्जव होतं. “सर, तुम्ही राहताय का? नाही, म्हणजे तुमचा हक्कच आहे. पण एका यंत्रावर सोळाच बटणं असतात. पंधरा उमेदवार आणि नोटा. तुम्ही सोळावे आहात.”

क्षणभर मला उमगलंच नाही. मग उमगलं आणि अंगावर मूठभर मांस चढलं. माझ्या एकट्यामुळे तीनशेच्या वर केंद्रांवर दुसरं यंत्र लावावं लागणार होतं. यादीत आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग इतर नोंदणीकृत पक्ष, शेवटी अपक्ष, तेही अक्षरांच्या क्रमानं. माझं नाव ‘ह’वरून. म्हणजे पहिल्या यंत्राच्या तळाशी मी, आणि दुसऱ्या आख्ख्या यंत्रावर एकटी नोटा. मी राहिलो.

पहिल्या कोपरा सभेला अकरा माणसं होती, त्यातला एक खुर्च्यांचा मालक. मी मुद्देसूद बोललो. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आणली, तिच्यात १८ विषय आहेत, रस्ते, पाणी, कचरा ही पालिकेची कामं, आमदाराचं काम कायदे करण्याचं. पुढे बसलेल्या आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे गटार तुझ्याकडे नाही?”

“नाही आजी. माझ्याकडे कायदा.”

“मग आलास कशाला?”

घरी येताना ही म्हणाली, “निवडून येण्याआधीच टोलवाटोलवी शिकलात. आशा आहे.”

दुसऱ्या दिवसापासून अनुसूची बंद आणि दारोदार नुसती नागरी मूल्यं. आणि काय सांगू, विरोध असा औषधालाही भेटला नाही! हॉर्न वाजवू नये, सिग्नल पाळावा, कचरा वेगळा करावा, फ्लेक्स लावू नयेत, हे सगळं सगळ्यांना मान्य होतं. फक्त प्रत्येकाची एक छोटी अडचण होती. अमुक सोसायटीला आपल्या फाटकासमोर गतिरोधक हवा होता आणि शेजारच्यांच्या फाटकासमोरचा काढून हवा होता. एका दुकानदारानं अतिक्रमणाविरुद्ध इतकं तळमळीनं भाषण केलं, की ऐकायला जागा राहावी म्हणून त्यानं फुटपाथवरची आपली दोन पोती जरा आत सरकवली आणि भाषण संपल्यावर पुन्हा बाहेर ओढली. बेकायदा फलकांबद्दल उच्च न्यायालयानं २०१७ सालीच फटकारलंय, हे मला एका तरुणानं सांगितलं. त्याच्या वाढदिवसाचा फलक मात्र घरगुती होता. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी चहा दिला, बेशिस्त वाहतुकीवर अर्धा तास माझ्याहून चांगलं बोलल्या आणि जिन्यापर्यंत सोडायला आल्या. तिथे आवाज खाली आणून म्हणाल्या, “भाऊ, निवडून आलात तर एक करा. आमच्या चिरंजीवांचं लायसन्स अडकलंय. तुमचा नुसता एक फोन.”

कायदा करायला माणूस मुंबईला पाठवायचा तो त्या कायद्यातून आपल्याला सोडवण्यासाठी, हे मतदारांच्या जाहीरनाम्याचं मर्म. ते मला इतक्या उशिरा कळलं, की पत्रकं छापून झाली होती.

खर्चाची मर्यादा ४० लाख. माझा झाला २३,४००. हिशेबाची वही तपासायला नेली तर तिथले साहेब पानं उलटत राहिले. आयोगाची माणसंही आपल्या बाजूनं प्रत्येक उमेदवाराची एक छाया नोंदवही ठेवतात. त्यांनी माझी काढली. तीत माझ्या वहीपेक्षा दोन चहा कमी निघाले. “एवढ्यात निवडणूक होत नसते हो,” ते खिन्नपणे म्हणाले. खरं होतं. झाली नव्हतीच.

२३ तारखेला निकाल लागला. मला १८७ मतं पडली. वैध मतांचा सहावा हिस्सा नाही, म्हणून अनामत जप्त. दहापैकी किती सूचकांनी मला मत दिलं याचा हिशेब मी बूथनिहाय आकड्यांवरून मांडायला घेतला होता, पण हिनं कागद काढून घेतला. तरी मी एकटा नव्हतो. राज्यभर ४,१३६ उमेदवार होते, त्यातले २,०८६ अपक्ष, आणि निवडून आले ते दोन. १९९५ साली ४५ अपक्ष आले होते. तेव्हा सरकार बनवायला त्यांची मोठी गरज होती. हल्ली आधी सरकार बनतं आणि मग माणसं तिकडून इकडे सरकतात, त्यामुळे अपक्षांचा धंदा बसलाय.

नोटाला माझ्या अकरापट मतं पडली. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७ हजारांच्या वर मतं घेऊन दुसरी आली होती, त्यामानानं हे काहीच नाही. पण आमच्याकडे तिला स्वतंत्र यंत्र मिळालं होतं, प्रशस्त, शेजारी-पाजारी कुणी नाही. ती सोय मी करून दिली होती. विधिमंडळात न जाता एवढं तरी काम माझ्या नावावर आहे.

चेंबरचं म्हणाल तर प्रचाराच्या दिवसांत त्या फांदीचं लाल फडकं गेलं आणि तिथे एका पक्षाचं उपरणं आलं, आठवड्यानं दुसऱ्याचं. निकालानंतर दोन्ही गेली. शेवगाच तो, खाली ओल भरपूर. जानेवारीत त्याला पालवी फुटली. गेल्या महिन्यात सकाळी दूध आणायला निघालो तर तिथे चार माणसं वेल्डिंग करत होती. फांदीभोवती लोखंडी जाळी बसली होती, खाली पेव्हर ब्लॉकचा गोल ओटा, आणि जाळीवर निळी पाटी: वृक्षसंवर्धन, आमदार स्थानिक विकास निधीतून. उद्घाटनाला मला मागच्या रांगेत खुर्ची होती. शेंगा लागल्यावर पहिला मान माझा, असं आमदारसाहेब स्वतः म्हणाले.