आयएमपी अवयव

मार्च जवळ आला की सुरतच्या नवागामातल्या दहावीच्या पोरांच्या शरीरात पाचच अवयव उरतात: हृदय, फुफ्फुसं, मेंदू, जठर आणि मूत्रपिंड. बाकीचे आयएमपी, म्हणजे पेपरात हमखास येणारे, नसतात.

माझी भाची मराठी माध्यमात दहावीला आहे. तिचे पप्पा लूम्सच्या खात्यात रात्रपाळी करून दिवसा झोपतात, म्हणून मोठ्यानं पाठ करायचं असलं की ती माझ्याकडे येते. पेपर गांधीनगरच्या बोर्डाचा, ऐंशी मार्कांचा; श्रद्धा मात्र सगळी क्लासच्या सरांनी वाटलेल्या आयएमपीच्या झेरॉक्सवर.

मी सहज विचारलं, “प्लीहेचं काय गं?”

“मामा, ती कधी विचारतच नाहीत.”

विषय संपला. तांबड्या पेशींचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं. म्हाताऱ्या झालेल्या पेशी निवडून बाजूला काढायचं काम प्लीहा पोटाच्या डाव्या कोपऱ्यात बसून बिनबोभाट करत असते. मला तिच्याविषयी जिव्हाळा वाटतो. मीही रिंगरोडच्या कापड मार्केटात कोपऱ्यात बसून हिशेब लिहितो आणि माझ्यावरही आजवर कुणी प्रश्न काढलेला नाही.

मूत्रपिंडाचा थाट वेगळा. एकेका मूत्रपिंडात दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन असतात. भाची एकच काढते, पण असा वळणदार, की साड्यांना लेस लावून देणाऱ्या शेजारच्या काकूंनी वही हातात घेऊन विचारलं, “ही डिझाइन कोणत्या पार्टीची?”

आईनं गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यात पानफुटी लावली आहे. पानाच्या कडेवर कळ्या येतात आणि त्यातून नवी रोपं उगवतात. शाकीय प्रजनन, दोन मार्क. भाचीनं डब्यापुढे उभं राहून तिचं शास्त्रीय नाव घेतलं, ब्रायोफायलम. आई म्हणाली, “हाई काय शे वं?” मुतखड्यावर म्हणून अर्धी गल्ली तिच्याकडून ही पानं घेऊन जाते. मूत्रपिंड आणि प्रजनन हे दोन धडे पुस्तकात लांब लांब असले, तरी आईच्या डब्यात एकाच मातीत आहेत.

मानवी प्रजननावर शाळेत सांगतात, घरी वाचून घ्या. घरी सांगतात, शाळेत विचार. जास्वंदाचा उभा छेद मात्र पुंकेसर-स्त्रीकेसरासकट फळ्यावर रंगीत खडूनं काढतात. फुलांना नातेवाईक नसतात, हे त्यांचं नशीब.

मेंडेलचंही प्लीहेसारखंच झालं. ब्रनोच्या मठात त्यानं वर्षानुवर्षं वाटाणे लावले, मोजले आणि १८६६ साली निबंध छापला. १९०० सालापर्यंत त्याचं मोल फारसं कुणाला कळलं नाही. तोवर तो वारलाही होता. म्हणजे अख्खी आनुवंशिकता चौतीस वर्षं आयएमपीत नव्हती! आता तीनास एक हे प्रमाण भाची झोपेतसुद्धा सांगते.

परवा ताईच्या सासूबाई अमळनेरहून ताप्ती लाइनच्या गाडीनं आल्या. दुपारी ताईला आणि भावजींना घेऊन माझ्याकडे चहाला टेकल्या. ताईला तिन्ही मुलीच, हा त्यांचा विषय चहाआधीच निघाला. ताई आत गेली. भाची खिडकीत बसून पाठ करत होती. तिचा आवाज एकदम वाढला.

“आईकडून प्रत्येक वेळी एक्स गुणसूत्रच येते. वडिलांकडून एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा!”

सासूबाईंचा कप बशीतच राहिला. “काय म्हणते ही? पुस्तकात छापलंय?”

“पुस्तकात आहेच आजी. आयएमपीतपण आहे.”

त्यांनी चष्मा लावून झेरॉक्स डोळ्यांजवळ नेली. “किती मार्कांना?”

“तीन.”

सासूबाईंनी झेरॉक्स खाली ठेवली आणि सावकाश मान वळवून आपल्या लेकाकडे पाहिलं. भावजी उठून चपला शोधू लागले. म्हणाले, “निघतो मी, रात्रपाळी आहे.”

दुपारचे अडीच वाजले होते.