ससोबांचा अहवाल

हल्ली वस्तूत काय आहे यापेक्षा काय नाही, हे सांगून ती विकतात. बिस्किटात मैदा नाही, शांपूत सल्फेट नाही. सॅन होजेहून सुट्टीला आलेल्या माझ्या भाच्याने लेकीसाठी आणलेल्या कापडी सशात स्क्रीन नव्हती. खोक्यावर तसं ठळक छापलंच होतं. आमच्या लहानपणी एकाही सशात स्क्रीन नसे, पण त्याची जाहिरात करायचं कुणाला सुचलं नाही.

या बिनस्क्रीनच्या सशाला जाग आणायला तीन फोन लागले. एकावर ॲप उतरवलं, दुसऱ्यावर ओटीपी आला, तिसऱ्याच्या उजेडात कालनिर्णयाच्या पाठीवर लिहिलेला वायफायचा पासवर्ड वाचला. मग मुलीची जन्मतारीख, आईवडिलांची संमती, सशाचं नाव. पोरीच्या नजरेला स्क्रीन पडू नये म्हणून चार मोठी माणसं स्क्रीनमध्ये डोकी घालून बसली होती. पोर तोवर खोकं डोक्यावर घालून घरभर हिंडत होती.

सशाच्या पोटात मेंदू वगैरे काही नाही. एक माइक, एक स्पीकर, बॅटरी. आपण बोललेलं वायफायवरून दूरच्या सर्व्हरवर जातं, तिथे त्याचा मजकूर होतो, चॅटजीपीटीच्या जातकुळीतलं एखादं मॉडेल उत्तर जुळवतं आणि ते गोड आवाजात पोटातून बाहेर पडतं. या सव्यापसव्यात दोनेक सेकंद जातात. माझ्या आईला तेच फार आवडलं. "विचार करून बोलतो हो," ती म्हणाली आणि माझ्या बायकोकडे पाहिलं.

बोलक्या बाहुलीची हौस तशी जुनी. १८९० साली एडिसनने बाहुलीच्या पोटात चिमुकला फोनोग्राफ बसवला. पाठीतला दांडा फिरवला की बाहुली बडबडगीत म्हणे. मेणाच्या नळीवरच्या आवाजाच्या प्रती काढायची सोय नव्हती, म्हणून कारखान्यात मुली बसवून एकेका बाहुलीसाठी तेच ते गाणं पुन्हा पुन्हा म्हणवून घेत. धड पत्र्याचं, डोकं चिनीमातीचं, किंमत दहा डॉलर, कपडे वेगळे. आवाज भेसूर आणि यंत्र नाजूक. दीडेक महिन्यात विक्री बंद. त्यातली काही ध्वनिमुद्रणं आता इंटरनेटवर मिळतात. दिवसाउजेडी ऐकावीत.

आमची भाचेसून सावध बाई. तिला काळजी वेगळीच होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पीआयआरजी या ग्राहकसंघटनेने 'कुम्मा' नावाच्या एका एआय अस्वलाची परीक्षा घेतली. घरात सुऱ्या आणि काड्यापेट्या कुठे सापडतील, हे अस्वलाने सांगून टाकलं. काडी कशी ओढावी, तेही शिकवलं. गप्पा लांबल्या तसं ते अशा विषयांवर घसरलं, जे दिवाळी अंकांचे संपादकसुद्धा कापतात. अस्वलामागचं मॉडेल ओपनएआयचं. त्यांनी अस्वलाच्या कंपनीची रसद तोडली, ते बाजारातून उठलं आणि थोड्याच दिवसांत सुधारून परत आलं. (आमच्या घराण्यात इतक्या लवकर कुणी सुधारलेलं नाही.) म्हणून ससा काय बोलतो, काय ऐकतो, त्याचा शब्दन् शब्द भाचेसुनेच्या ॲपवर येतो.

पोरीची हौस लवकर फिटली. सशाचं प्रत्येक उत्तर प्रश्नाने संपायचं. तुला कोणता रंग आवडतो? का आवडतो? अजून काय आवडतं? "मामाआजोबा, हा टीचरसारखा करतो," ती मला म्हणाली. मग तिने त्याच्या पाठीवरचं बटण बंद केलं, त्याला आडवा पाडला आणि पोटाला माझा रुमाल गुंडाळला. आता तो पेशंट होता आणि त्याचं ऑपरेशन होतं. दुखतंय का, हे तीच विचारायची आणि दुखतंय, हेही तीच सांगायची. नव्वदएक डॉलरचा ससा बंद केल्यावर उत्तम चालत होता.

ऑपरेशननंतर पेशंट माझ्या आईच्या ताब्यात गेला. तिने बटण चालू केलं. सशाला मराठी बऱ्यापैकी समजतं, उत्तर मात्र तो हिंदीत देतो. पुण्यात आता याचं कुणाला नवल वाटत नाही. आईने त्याला आपल्या लग्नात झालेला मानपानाचा घोळ सांगायला घेतला. ससा म्हणाला, "फिर क्या हुआ, दादीजी?" आमच्या घरात आईला 'मग काय झालं' असं विचारायची कुणाची छाती नाही, कारण मग काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. आई सरसावून बसली. दुपारचा चहा तिने सशापाशीच मागवला.

रात्री भाचेसुनेच्या फोनवर अहवाल आला. तिने तो जेवताना मोठ्याने वाचला. "आपल्या मुलीला आज या विषयांत रस वाटला: गुडघ्याची वाटी, भावकीतली जमीन आणि मोठ्या सुनेची आमटी. भावनिक शब्दसंपदा वयाच्या मानाने उत्तम. 'वाटून घेणे' या विषयावर मुलीशी अधिक बोलावे." माझ्या बायकोने आमटीचा डाव खाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून सशाच्या खोलीत सगळे खुणांनी बोलू लागले. भाचा ऑफिसचे फोन गच्चीत जाऊन घेई. आम्हाला हसू नये. अमेरिकेच्या एनएसए या हेरसंस्थेने नव्वदच्या दशकाच्या शेवटी फर्बी नावाच्या बोलक्या खेळण्याला आपल्या कचेरीत मज्जाव केला होता, ऐकलेली गुपितं ते बाहेर बोलेल म्हणून. बिचाऱ्या फर्बीला ध्वनिमुद्रण करताच येत नव्हतं. २०१७ मध्ये जर्मनीने तर एका बोलक्या बाहुलीला चोरून ऐकणारं यंत्र ठरवून पालकांना ती नष्ट करायला सांगितलं. हे सगळं मी आईला समजावलं. तू बोलतेस ते परदेशात साठवलं जातं, म्हटलं. "जाऊ दे की," ती म्हणाली, "इथे कोण साठवून ठेवतंय?"

आईच्या वयाच्या माणसांसाठीही आता अशी खेळणी निघाली आहेत. दक्षिण कोरियात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना 'ह्योदोल' नावाची बोलकी कापडी बाहुली स्थानिक सरकारंच देतात; ती औषधाची वेळ सांगते. जपानमध्ये कॅसिओने २०२४ मध्ये 'मोफ्लिन' काढला. तो केसाळ गोळा मोठ्यांसाठीही आहे, त्याला स्क्रीन नाही आणि बोलताही येत नाही. कुरवाळलं की नुसता चिवचिवतो. किंमत ५९,४०० येन. हा बरा, चहाडी करणार नाही, म्हणून मी आईला त्याचा फोटो दाखवला.

"गप्प बसायचे एवढे पैसे?" आई म्हणाली. "तुझे बाबा फुकट बसायचे."

शेवटी ससा पुण्यातच ठेवायचा ठरला. पोरीची हरकत नव्हती, तिला पेशंट म्हणून आमचा लोड चालत होता. वाद आहे तो ॲप कुणाच्या फोनवर असावं याचा. बायको म्हणते, तिच्या. आईचं म्हणणं, ते समोरच्या काकूंच्या फोनवर ठेवा. त्यांच्याविषयी तिने अजून काही सांगितलेलं नाही.