लोणारचं पिल्लू

आमच्या बुलढाण्यात पाणी बघायचं म्हटलं की येळगावचं धरण. पैनगंगेवरचं. ते भरलं की अर्धं गाव गाड्या काढून बघायला जातं, पाण्याकडे तोंड करून भजी खातं आणि परत येतं. एरवी पाण्याशी आमचा संबंध नळाला ते किती दिवसांनी येतं एवढाच. तेव्हा चारी बाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर जायची मला हौस होती, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. हौस मुलीला होती. "बाबा, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली आणि तुम्ही दोघं शेगावच्या पलीकडे गेला नाहीत," असं म्हणून तिनं मॉरिशसची तिकिटं काढली. मुलीनं पैसे भरले की तक्रार करायचा हक्क आपोआप निम्मा होतो. उरलेला निम्मा हिच्याकडे होता.

तिसऱ्या दिवशीच्या कागदावर लिहिलं होतं : दक्षिण बेट, पूर्ण दिवस, गाइडसह. पूर्ण दिवस म्हणजे सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेचार. आमच्या कचेरीची वेळसुद्धा याहून जास्त होती, आणि तिथे पूर्ण दिवस काम केल्याचा दावा कुणी करत नसे.

गाइड पोरगा हसरा होता. हातात मिटलेली पिवळी छत्री. छत्री वर गेली की उतरायचं, छत्री फिरली की चढायचं. आयुष्यभर साहेबाच्या भुवईकडे बघून उठबस केलेल्या माणसाला हे जड गेलं नाही. आम्ही मराठी आहोत असं कळल्यावर त्यानं सांगितलं की तोही मराठीच. त्याच्या पणजोबांचे कुणी पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला आले होते. १८३४ पासून असे मजूर हिंदुस्थानातून जहाजं भरभरून आले, आणि ते जिथे उतरले तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट आता जागतिक वारशात आहे. घरी हे लोक क्रिओल बोलतात. पण गणपतीच्या आरत्या पाठ. त्यानं बसच्या माइकवरून दोन कडवी म्हणून दाखवली. चाल आपलीच, उच्चार मात्र फ्रेंच पाहुण्यासारखे. मला उगाच भरून आलं, आणि मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

बाहेर डोंगर होते. बेट लहान आणि डोंगर फार. सगळ्यांत उंच शिखर ८२८ मीटर, म्हणजे फार उंच असं नाही, पण एकेक सुळका असा अचानक उठलेला की वर्गात प्रश्न कळायच्या आधी हात वर करणाऱ्या पोराची आठवण व्हावी. आमच्या अजिंठ्याच्या डोंगररांगांना ही घाई नाही. त्यांचे माथे सुरीनं कापल्यासारखे सपाट. गाइडनं बेटाचं क्षेत्रफळ सांगितलं, १,८६५ चौरस किलोमीटर. बुलढाणा जिल्हा ९,६६१. हा आकडा मी इतक्या फॉर्मांवर लिहिलाय की झोपेतही चुकणार नाही. म्हणजे हे सगळं बेट, त्यावरचं मंत्रिमंडळ आणि त्याचा समुद्रकिनारा धरून, आमचे सरासरी अडीच तालुके. हे मी हिला सांगितलं. ती म्हणाली, "मग अडीच तालुक्यात एवढे स्वच्छ रस्ते कसे?" यावर माझ्याकडे आकडा नव्हता.

पहिला थांबा लाकडी जहाजांच्या छोट्या प्रतिकृती विकणाऱ्या दुकानाचा. चाळीस मिनिटं. या सहलींचं एक गणित असतं : निसर्गाला वीस मिनिटं, दुकानाला चाळीस. जिथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे, त्या जिल्ह्यातला मी माणूस तीन शिडांचं जहाज घेऊन बाहेर पडलो. ते आता आमच्या टीव्हीच्या कपाटावर उभं आहे आणि धुळीतून प्रवास करतं.

मग बस क्युर्पिप गावाच्या वर चढली. तिथे त्रू ओ सेर नावाचं ठिकाण आहे. त्रू म्हणजे भोक, सेर म्हणजे हरणं, हरणांचं भोक. विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड. तीनशे-साडेतीनशे मीटर रुंद, ऐंशीएक मीटर खोल, आतल्या उतारांवर गच्च झाडी आणि तळाशी थोडं हिरवट पाणी. छत्री वर गेली, वीस मिनिटं जाहीर झाली. मंडळी "वा, वा" करत कठड्याकडे पाठ करून फोटो काढायला लागली.

ही कठड्याला टेकून खाली बघत राहिली. हिचं माहेर मेहकरचं. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातली आमटी चाखल्यावर बायकांचा चेहरा जसा होतो तसा चेहरा करून ती म्हणाली, "अहो, हे तर आपल्या लोणारचं पिल्लू!"

गाइडच्या कानावर 'लोणार' गेलं. त्यानं विचारलं, ते काय? आणि बघता बघता छत्री त्याच्या हातात आणि गाइड मी. मी सांगितलं, आमच्याकडे असंच एक विवर आहे, पण १.८ किलोमीटर रुंद, तुमची अशी पंचवीस सहज मावतील. दीडशे मीटरच्या आसपास खोल. तळाला खाऱ्या पाण्याचं सरोवर. बसमधले चारजण जमले. पोराचे डोळे मोठे झाले आणि त्यानं अगदी सरळ प्रश्न विचारला, "अंकल, तुम्ही पाण्यापर्यंत खाली गेला आहात?"

"म्हणजे काय! कितीदा तरी," मी म्हणालो.

खरं असं की मी आठवीत असताना शाळेच्या सहलीत लोणार पाहिलं. पाहिलं म्हणजे वरून. गुरुजींनी काठावर रांगेत उभं केलं, डोकी मोजली, "खाली कुणी उतरायचं नाही" असं बजावलं, मग दशम्या-चटणी खाल्ली, पुन्हा डोकी मोजली. त्यानंतर पन्नास वर्षं गेली. घरापासून लोणार नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. मेहकरला सासुरवाडी, तिथून तर पंचवीसही नाही. पण जवळच्या गोष्टीचं असंच असतं, ती कुठे पळून जात नाही म्हणून आपणही जात नाही.

हिनं माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. नवऱ्याची परदेशातली थाप बायको तिथल्या तिथे उघडी पाडत नाही. ती नीट घडी घालून पेटीत ठेवते. पोरानं मात्र बसमध्ये चढल्यावर माइक हातात घेऊन जाहीर केलं की आपल्यात असे अंकल आहेत जे जगातल्या केवढ्या मोठ्या विवरात अनेकदा उतरले आहेत. टाळ्या झाल्या. पुढची सगळी सहल मी त्या टाळ्या मांडीवर घेऊन बसलो होतो.

गंगा तलाव तसाच एका जुन्या ज्वालामुखीच्या खळग्यात आहे. महाशिवरात्रीला लोक तिथे बेटभरातून चालत येतात. काठी शंकराची १०८ फुटांची मूर्ती. आमच्या नांदुऱ्याचा मारुती १०५ फूट. तीन फुटांनी गेलो. जेवायला वाटेत दाल-पुरी मिळाली, म्हणजे डाळ भरलेली मऊ पोळी, वर रस्सा आणि चटणी. "पुरण घातलं आणि गूळ टाकायला विसरली कोणी तरी," हा हिचा निकाल. खाल्ल्या मात्र चार. शामारेलची सातरंगी माती पाहिली. लाल, तपकिरी, जांभळट लाटा-लाटांची उघडी टेकडी, भोवती कुंपण. वीस मिनिटं. काळा दगड कुजून तसे रंग येतात म्हणे.

तिथेच बस उभी असताना हिनं रस्त्याकडेचा एक मूठभर काळा दगड उचलला. भोकंच भोकं असलेला. इकडेतिकडे बघून पर्समध्ये टाकला. "वज्रीला बरा आहे," म्हणाली. हजारो किलोमीटर उडून जाऊन टाच घासायचा दगड आणणारी बाई माझ्या घरात आहे याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला की भीती, ते नक्की आठवत नाही. गाइडनं पाहिलं, आणि छत्री दुसरीकडे फिरवली.

परत आल्यावर पुतण्याला फोन केला. तो कॉलेजात भूगोल शिकवतो आणि साध्या प्रश्नाचंही तासाचं उत्तर देतो. पण यावेळी त्यानं जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीवर नीट बसलो. "काका, तुम्ही भाऊबंदांकडे जाऊन आलात." मॉरिशसच्या शेजारी रियुनियन बेट आहे, त्याच्या पोटाखाली पृथ्वीच्या आत एक धगधगती चूल आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपली जमीन सरकत सरकत नेमकी तिच्या माथ्यावर आलेली होती. तेव्हा लाव्हाचे थरावर थर पसरले, तोच दख्खनचा काळा दगड. आपला सपाट माथ्याचा डोंगर, विहीर खणताना पहार मोडणारा पाषाण, सगळं त्यातलं. जमीन उत्तरेला निघून गेली, चूल तिथेच राहिली. पुढे कधी तरी, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, तिनंच मॉरिशस वर काढलं. आणि रियुनियनवर ती आजही पेटलेली आहे.

"म्हणजे तवा सरकत गेला," ही शेजारून म्हणाली, "आणि भाकऱ्या पडत गेल्या." पुतण्या तिकडे गप्प झाला. हे वाक्य त्यानं पुढच्या तासाला वापरलं असणार.

पण लोणारचं पिल्लू हे मात्र त्याला मान्य नव्हतं. त्रू ओ सेरचं भोक आतून पडलेलं, लोणारचं वरून, अशनी आदळून. त्यावर ही म्हणाली, "दगड एकच ना? मग झालं."

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही लोणारला गेलो. न सांगता. नातवंडांनासुद्धा नाही. तिथला गाइड वीस-बावीस वर्षांचा, हातात छत्रीऐवजी वानरांसाठी काठी. "काका, वरूनच पायता का खाली उतरता?" त्यानं विचारलं. मी हिच्याकडे न बघता म्हणालो, "उतरायचं."

त्यानं आधी दैत्यसूदनाच्या देवळात नेलं. टॉर्च मारून छतावरचं कोरीवकाम दाखवलं आणि विष्णूनं लवणासुर कसा मारला ते असं सांगितलं की आपण त्याच्या चुलत्याची गोष्ट ऐकतो आहोत. मग गोमुखाची धार, मग विवराचा काठ. म्हणाला, १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं याचा शोध लावला. काठावर गाव, गावात शेकडो वर्षांची देवळं, आत उतरायला वाट, खाली कमळजा देवी, आणि शोध इंग्रजाचा! पण मी हसलो नाही. पन्नास वर्षांनंतर त्याचा शोध लावायला मलाही मॉरिशसला जावं लागलंच होतं.

किती जुनं, विचारलं. "बावन्न हजार वर्षं," त्यानं ठणकावून सांगितलं. मी म्हणालो, पुतण्या तर पाच लाख सत्तर हजार सांगतो. तो जरा ओशाळला. "तेबी हाये काका. नवी तपासनी झाली थे. आमी माणूस पाहून सांगतो."

उतार धरला. सागाची वाळली पानं, सीताफळाची झुडपं, कुठे मोर ओरडतो आहे. माझे गुडघे प्रत्येक दगडाशी वेगळी वाटाघाट करत होते. खाली पोचलो तर शांतता अशी, की कानात बोटं घातल्यासारखं वाटावं. चहूकडून डोंगर आणि मध्ये पाणी. बेटाची पिशवी उलटी करावी तसं.

पोरानं खिशातून हळदीची पुडी काढली. कागदाच्या कपट्यावर चिमूट चोळली आणि कपटा पाण्यात बुडवून वर धरला. पिवळं बघता बघता तांबडं झालं. पाणी खारं तर आहेच, पण त्यात सोडाही आहे. मासा जगत नाही. २०२० च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, खाऱ्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, आणि त्याच वर्षी सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. पोर हे सगळं सांगत होतं. हिचं लक्ष कपट्यावर होतं. "हळदीचं कुंकू झालं," ती पुटपुटली. बोटानं ते थोडं टिपलं आणि कमळजेच्या दिशेनं हात जोडले. लहानपणी आईच्या कडेवर बसून नवरात्रात ती इथे आली होती, हे मला त्या दिवशी कळलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली आहेत.

चढताना चार ठिकाणी बसलो. पाचव्या ठिकाणी तिनं पेटीतली घडी काढली. "झालं एकदाचं. आता त्या पोराला तोंड दाखवायला हरकत नाही." मॉरिशसला केलेलं विधान सात महिन्यांनी खरं ठरलं होतं. सरकारी भाषेत याला कार्योत्तर मंजुरी म्हणतात. 'कितीदा तरी' हे शब्द मात्र अजून प्रलंबित आहेत.

वर आल्यावर पोरानं विचारलं, मोठा मारुती पाहायचा का, तिथे होकायंत्राची सुई भरकटते. पाहिला. खरंच भरकटते. मग त्यानं विचारलं, आणखी किती वेळ आहे तुमच्याकडे? इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. साडेचार वाजून गेले होते, आणि आम्ही काठावर बसून अंधार पडेपर्यंत शेंगा खाल्ल्या.

आता आमच्या न्हाणीत दोन वज्र्या आहेत. एक हिच्या आईची, मेहकरची, घासून घासून गुळगुळीत झालेली. दुसरी मॉरिशसची. सुरुवातीला नवीन कोणती ते भोकांवरून लगेच कळायचं. परवा मी विचारलं, यातली परदेशातली कोणती? तिनं दोन्ही हातात घेतल्या, ओल्या करून पाहिल्या, आणि म्हणाली, "जी टोचते ती."