भरती, ओहोटी आणि महाजन आयोग

अंदमानात घड्याळ दिल्लीचं चालतं आणि सूर्य ब्रह्मदेशाचा. आपली प्रमाणवेळ ठरते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर. बेळगाव त्याच्या आठ अंश पश्चिमेला, अंदमान दहा अंश पूर्वेला आणि एका अंशाला चार मिनिटं. हा हिशेब आमच्या मास्तरांनी सांबरा विमानतळावरच बोर्डिंग पासच्या पाठीवर करून दाखवला होता. तात्पर्य काय, तर तिथला सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास आधी उगवतो. जानेवारीत बेळगावला सूर्य दिसेपर्यंत सात वाजतात, नील बेटावर तो पावणेसहालाच हजर.

"म्हणजे साडेचारला उठायचं," मास्तर म्हणाले.

"कशाला की ओ?" निपाणीचे अण्णा म्हणाले. "सूर्य रोज येतोय की. आज चुकला तर उद्या बघू."

अण्णांचा तंबाखूचा व्यापार. मालाचा भाव फुटेपर्यंत बसून राहायची हाडाला सवय, त्यामुळे कुठल्याही गोष्टीची घाई म्हणजे त्यांच्या लेखी नुकसान. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या काकू, बेळगावात दिलेली. बाकी आम्ही सगळे टिळकवाडीचे, व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली पहाटे फिरणारे. गिर्यारोहणाचा अनुभव म्हणाल तर येळ्ळूरचा राजहंसगड, तोही गाडी जाते तिथपर्यंत गाडीनं. तरीही समुद्रकाठच्या पायवाटा चालायच्या, उगवतीला आणि मावळतीला, असा बेत ठरला. काकूंनी कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि कुंद्याचे डबे असं काही बांधून घेतलं, की काळ्या पाण्याची शिक्षा झाली असती तरी निभलं असतं.

तिकडे पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ साली श्री विजयपुरम झालं आहे आणि नील बेट २०१८च्या डिसेंबरपासून शहीद द्वीप आहे. कागदावर एक आणि रिक्षावाल्याच्या तोंडात दुसरं. सोबतचे प्रवासी गोंधळले, आम्ही नाही. सरकारी बेळगावीत राहून घरच्या बेळगावात झोपणाऱ्यांना याचं काय! सेल्युलर जेल पाहताना मास्तरांनी हळूच सांगून घेतलं, की सावरकरांना १९५० साली आपल्या हिंडलग्याच्या तुरुंगातही ठेवलं होतं. वाटाड्यानं नम्रपणे मान डोलावली आणि पुढच्या कोठडीकडे वळला. बोटीनं नीलला पोचायला दीड-दोन तास लागले. त्यातला बराच वेळ अण्णा डोळे मिटून निपाणी-चिकोडी रस्त्याला दुवा देत होते. तो निदान जागचा हलत नाही, म्हणाले.

नील म्हणजे चौदाएक चौरस किलोमीटरचा जीव, पण गावं रामायणातली : सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर. सूर्य सीतेकडे उगवतो आणि लक्ष्मणाकडे मावळतो. पूर्वेच्या टोकाला, सीतापूरच्या किनाऱ्यावर आम्ही अंधारातच जाऊन उभे राहिलो. अण्णांनी कानटोपी, मफलर आणि आत अर्ध्या बाह्यांचा स्वेटर असा सरंजाम केला होता. हवा आपल्याकडच्या मार्चएवढी उबदार, पण जानेवारी तो जानेवारी, यावर ते ठाम. टोपीच्या काठातून घाम निघून मिशीपर्यंत पोचला, तिथून ठिबकायला लागला, तरी टोपी उतरेना.

विषुववृत्ताच्या जवळ सूर्य तिरका रेंगाळत वर येत नाही, सरळ उभा चढतो. बेळगावात कसं, आधी तांबडं फुटतं, मग दूधवाला येतो, मग पेपर, मग सावकाश सूर्य. इथं मास्तरांनी थर्मासचं झाकण फिरवलं तेव्हा क्षितिजावर ढगाची एक जांभळी पट्टी होती. पहिला कप काकूंना, दुसरा अण्णांना, तिसरा भरताना मास्तरांनी मान वर केली तर सूर्य चांगला हातभर वर येऊन तापायला लागलेला.

"झालं?" अण्णांनी विचारलं.

"झालं."

"मग टोपी काढतो."

तिथून खडकांच्या कडेकडेनं पायवाट धरली. वाट म्हणजे काय, पाणी मागं सरलं की दिसणारी वाळूची आणि मेलेल्या प्रवाळाची पट्टी, वर झाडांनी झाकलेला कडा. प्रवाळाच्या तुकड्यांवर चप्पल पडली की फुटक्या कौलांवरून चालल्यासारखा आवाज होतो. काकूंना एक शंख आवडला. टपोरा, तपकिरी ठिपक्यांचा. तळहातावर घेऊन न्याहाळत होत्या, तोच त्यातून आधी दोन काटकीएवढे पाय आले, मग देठावर बसवलेले डोळे, आणि शंख तळहातावरून मनगटाकडे चालू लागला. काकू किंचाळल्या नाहीत. आमच्याकडच्या बायका बोलतात पुरुषी आणि वागतातही तशाच. "राहतोस होय रे आत? मग मी ठेवतो परत," म्हणाल्या आणि खाली सोडून दिला. दुसरा रिकामा मिळेल म्हणून शोधायला लागल्या, तेव्हा मास्तरांनी कायदा सांगितला. प्रवाळ, शंख काही उचलायचं नाही. विमानतळावर सामानातून काढून घेतात. काकूंचं म्हणणं, रिकाम्या घरावर कुणाचा हक्क? सीमाभागातल्या माणसानं हा प्रश्न विचारावा आणि मास्तरांनी गप्प बसावं, हे विरळा. पण त्यांची वेळ अजून यायची होती.

ती आली लक्ष्मणपूरच्या नैसर्गिक पुलापाशी. समुद्रानं पोखरून पोखरून खडकात कमान केली आहे. इथल्या बंगाली वस्तीनं तिचं नाव ठेवलं हावडा ब्रिज. जायची वाट फक्त ओहोटीत. दिवसातून दोनदा पाणी ओसरतं, रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरानं, आणि तेवढ्या अवधीत शेवाळलेल्या खडकांवरून जाऊन यायचं. नारळपाण्याच्या टपऱ्यांपाशी एक तरुण वाटाड्या ठरवला. पोरगा हुशार. खळग्यात साचलेल्या पाण्यातले चिमुकले निळे मासे, दगडाच्या फटीत दडलेला खेकडा, काळी लिबलिबीत समुद्रकाकडी, एकेक दाखवत होता आणि कुणी हात पुढं केला की "छूना नहीं" म्हणत होता. अण्णांनी समुद्रकाकडी वाकून पाहिली. "भाजी करतात काय?" एवढीच चौकशी केली.

कमानीखाली पोचलो, फोटो झाले आणि पोरानं सहज विचारलं, "दादा, कहाँ से? महाराष्ट्र?"

आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "आता बसा."

मास्तरांनी चष्मा पुसला. गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं १९२४चं बेळगाव काँग्रेस अधिवेशन ही त्यांची नांदी. त्यावाचून ते महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाला हात घालत नाहीत. तिथून १ नोव्हेंबर १९५६. बेळगाव, खानापूर, निपाणी मुंबई राज्यात झोपले आणि म्हैसूर राज्यात उठले. या वाक्याला पाणी आमच्या तळव्यांशी आलं. भरती समोरून लाटा घेऊन येईल अशी आमची कल्पना. ती येते पायाखालून, खळग्याखळग्यांतून, आवाज न करता. १९६६ला महाजन आयोग नेमला, तेव्हा घोटे बुडाले. १९६७ला अहवाल आला. निपाणी महाराष्ट्राला, बेळगाव म्हैसूरकडेच, म्हणजे आजच्या कर्नाटकात. इथं अण्णांचा चेहरा खुलला आणि मास्तरांचा पडला, हे दर वेळी होतं. "बघा, आम्हाला दिली होती," अण्णा म्हणाले. "दिली कुठं? शिफारस होती नुसती!" मास्तर कडाडले. दोघंही नडगीभर पाण्यात.

"दादा, पानी आ रहा है."

"आलो, आलो. २००४वर आलो." सर्वोच्च न्यायालयातला दावा त्यांनी चालता चालता सांगितला, एका हातानं पोराचा खांदा धरून आणि दुसऱ्या हातात चपला उंच करून. कर्नाटकानं बेळगावात उभारलेल्या विधानभवनापर्यंत, २०१२च्या सुवर्णसौधापर्यंत, पोचलो तेव्हा धोतर नेसलेल्या माणसाला समुद्रात जी अडचण होते ती अण्णांना झाली होती. निकाल अजून लागायचा आहे, या वाक्याला आम्ही कोरड्यावर.

मग काकूंनीच त्या पोराला विचारलं, तू कुठला? आजोबा पूर्व बंगालचे, फाळणीत घर गेलं, सरकारनं जहाजात घालून इथं आणलं, जमीन दिली, जंगल तोडून भात लावला. "हम तो नील के हैं."

"ह्याचं दोन वाक्यांत झालं बघा," अण्णा धोतर पिळत म्हणाले. मास्तरांनी ऐकलं नाही असं दाखवलं. पोराला ठरल्यापेक्षा जास्त पैसे मात्र त्यांनीच दिले.

संध्याकाळी लक्ष्मणपूरच्या पांढऱ्या वाळूवर मावळती पाहिली. ती मात्र दृष्ट लागावी अशी. पाणी आधी पितळी झालं, मग तांबूस आणि समुद्राकडे झुकलेल्या झाडांच्या मुळ्यांमधून उजेड आडवा आला. अण्णासुद्धा पाच मिनिटं भावाबिवाचं काही बोलले नाहीत. पंचाईत त्यानंतर. सूर्य बुडाला तेव्हा वाजले होते सव्वापाच. बेळगावात या वेळी माणूस दुपारच्या झोपेतून उठून चहा मागतो. मुक्कामाच्या ठिकाणी जेवण आठला. अण्णांनी घड्याळ कानाला लावून बघितलं.

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, पत्ते कुणी आणले नव्हते. शेजारच्या खोलीत पुण्याचं एक जोडपं उतरलेलं. गृहस्थ मोठे अगत्याचे, काकूंनी दिलेला कुंदा चाखत चाखत ऐकत होते.

"बेळगावचे का तुम्ही? वा!" ते म्हणाले. "कर्नाटकातले असूनसुद्धा मराठी किती छान बोलता हो!"

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. अण्णा झोप आल्याचं सांगून उठले, त्यांच्यामागून आम्हीही उठलो. मास्तर खुर्ची पुढं ओढून चष्मा पुसत होते आणि जेवणाला अजून दोन तास होते.