पायाळू आप्पा

वारकऱ्यांत एकमेकांच्या पाया पडायची रीत आहे. वय बघायचं नाही, मान बघायचा नाही. समोर माळकरी दिसला की वाकायचं, त्यानंही वाकायचं. राणीसावरगावच्या दिंडीतले आप्पाही वाकतात. फरक एवढाच, की बाकीचे वाकून उठतात आणि आप्पा खालीच राहतात. मग खालून आवाज येतो, "ही चप्पल कधीची?"

"परवाच घेतली, आप्पा."

"मग हिला घरी ठेव न् जुनी घाल. न्हाईतर दोघांतलं एकच पंढरपूरला पोचंल."

आप्पांना माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत. गंगाखेडच्या बाजारात कुणी "रामकृष्ण हरी" म्हणालं तर ते आधी खाली बघतात आणि खुलतात, "अरे, डाव्या करंगळीचं कुरूप! बरंय का आता?" माणसाचं नाव, गाव, लेकरंबाळं हा तपशील त्यांच्या लेखी पोटऱ्यांच्या वरचा. शेगावहून महिनाभर चालत जाणारी गजानन महाराजांची पालखी गंगाखेडला येते, तेव्हा सगळं गाव हात जोडून पालखीकडं बघतं. आप्पा पांढऱ्या कपड्यांतल्या त्या शिस्तीच्या रांगांच्या टाचा बघत उभे असतात.

याचं मूळ जन्मातच आहे. आप्पा पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेले. पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, असा आपल्याकडं जुना समज. त्यामुळं चड्डी सावरायच्या वयापासून गावातले पाठ धरलेले थोर लोक त्यांच्यापुढं पालथे पडत आले. इतक्या लवकर इतक्या मोठ्या माणसांना लाथा घालायचा परवाना मिळाल्यावर पोरगं स्वतःला डॉक्टर समजणार नाही तर काय!

पंचांगही त्यांचं वेगळं. अक्षय तृतीयेला लोक सोनं घेतात; आप्पा चपला घ्यायला लावतात. आषाढीला तेव्हा दोन-अडीच महिने असतात, तेवढ्यात पट्टा मऊ पडतो, पायाला कुठं लागायचं ते गावातच लागून जातं. मग पहाटे दार वाजवून माणसं बाहेर काढायची आणि बालाघाटाचे चढउतार चालवायचे; पहिल्या आठवड्यात थोडं, मग वाढवत. कुणी कुरकुरलं की म्हणतात, "पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या घरात हाय. पाय काय फटफटी हाय का, किक मारली न् निघाली?" ज्यांनी दार उघडलं नाही त्यांची नावं ते विसरतात, पाय लक्षात ठेवतात. परळी ओलांडायच्या आत त्या पायांत गोळे आलेले असतात, आणि आप्पा शेजारून चालत असतात. बोलत काही नाहीत. ते न बोलणं गोळ्यांहून जास्त दुखतं.

त्यांचं खरं भांडण अनवाणी चालणाऱ्यांशी. नवस बोललेल्या माणसाला तापलेल्या डांबराची आणि बाभळीच्या काट्यांची भीती घालून उपयोग नसतो. तो एकच सांगतो, पांडुरंग बघून घेईल. यावर आप्पांकडं 2020 सालचा पुरावा आहे. भक्तांनी हात लावून लावून खुद्द पांडुरंगाच्या पायांची झीज झाली, तेव्हा त्या साली टाळेबंदीत मंदिर बंद असताना पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी मूर्तीला वज्रलेप केला. "आता बोल," आप्पा विचारतात, "देवाला लेप लागतो, न् तुला चप्पल कामून नको?" मला तरी या प्रश्नाचं उत्तर देणारा वारकरी अजून भेटलेला नाही. चप्पल घालणाराही फारसा भेटला नाही, हे सोडा.

पुण्यात शिकणाऱ्या नातवानं एकदा मोबाइलवरून वाचून दाखवलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला होता. टप्प्याटप्प्यानं अडीचशे किलोमीटर पळणाऱ्यांच्या पायांना त्यांनी आधीच साधी कागदी चिकटपट्टी लावली. जिथं पट्टी होती तिथं फोड बरेच कमी आले. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं. "अडीचशे? म्हंजे आपलंच अंतर की. कोणत्या फडाचे हे लोक?"

तेव्हापासून त्यांच्या पडशीत टाळांपेक्षा चिकटपट्टीची रिळं जास्त. निघायच्या पहाटे सगळ्यांनी ओळीनं पाय पुढं करायचे. काल जिथं लाल झालं तिथं आज पट्टी. फोड आलाच तर बारक्याला हात लावायचा नाही. मोठा ठणकत असेल तर स्वच्छ सुईनं कडेला टोचून पाणी काढायचं, वरचं कातडं मात्र सोलायचं नाही. पूर्वी फोडात सुईदोरा ओवून ठेवायची पद्धत होती. तिचं नाव काढलं तरी आप्पा चिडतात, कारण ती त्यांनीच शिकवलेली होती.

पाय मुरगळला की चौघं तेल घेऊन चोळायला धावतात, तिथं आप्पा काठी आडवी घालतात. पहिले दोन दिवस चोळणं बंद. बर्फ आणि पट्टी. भर रस्त्यात बर्फ कुठला? एका वर्षी अंबाजोगाईच्या अलीकडं त्यांनी गोळेवाल्याची गाडी अडवली आणि दहा गोळे मागितले, काडी नको, रंग नको. गोळेवाल्यानं उपास आहे का विचारलं. उसणीला मात्र अजून लाथच. आधुनिक वैद्यक आप्पांच्या उजव्या पायापाशी येऊन थांबतं.

चेष्टा करावी तर एका गोष्टीशी अडायला होतं. शुगरच्या माणसाचे तळवे बधिर होतात, खडा रुतलेला त्याला कळतच नाही, आणि साध्या जखमेवरून बोट काढायची पाळी येते. म्हणून मुक्कामावर जेवणं झाली की आप्पा बॅटरी घेऊन अशांचे तळवे बघत फिरतात. पावसात चिखल तुडवून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात, त्याही पुसून कोरड्या करायला लावतात. पुढं कीर्तनकार बोट वर करून वैकुंठ दाखवत असतात, आणि मांडवाच्या मागून ऐकू येतं, "बोटं फाक. अजून फाक."

आजवर आपल्याला फोड आला नाही, ही त्यांची बढाई. एका आषाढात बार्शीच्या पुढं ते किंचित लंगडताना दिसले, तेव्हा सबंध दिंडीला जो आनंद झाला तो तुकोबांच्या पालखीचं दर्शन होऊनही झाला नसता. बायाबापड्या पाया पडायच्या निमित्तानं वाकून बघून गेल्या. "फोड न्हाई त्यो," आप्पा म्हणाले, "घाम साठलाय."

पंढरपुरात पददर्शनाला डोकं टेकायला एक क्षण मिळतो. आप्पा तेवढ्यात काम उरकतात. बाहेर आल्यावर कुणी विचारलं काय मागितलं, तर सांगतात, "मागायचं राहिलं. पण वजन दोन्ही पायांवर सारखं हाय. असं उभं राहिलं तर गुडघ्याला कधीच त्रास न्हाई."

परतीला एसटी. चालून होत नाही तेवढी पायांची सूज बसून येते, असा आप्पांचा सिद्धान्त, आणि तो खोटा नाही. त्यामुळं गाडी थांबली रे थांबली की सगळ्यांना खाली उतरवून फेऱ्या मारायला लावतात. मागच्या खेपेला कंडक्टर वैतागून म्हणाला, "आजोबा, बसा हो जागेवर, उशीर होतोय."

आप्पांनी त्याच्या बुटांकडं पाहिलं. "दिसभर उभा असतोस ना? काढ बूट."