कपाशीच्या हंगामातील प्रेम : सुधारित लागवड पद्धत

शेतकरी बंधूंनो, हंगामात बायकोवर प्रेम करणे अवघड असले तरी अशक्य नाही. रोहणा (तालुका आर्वी, जिल्हा वर्धा) शिवाराच्या काळ्या जमिनीत योग्य नियोजन केल्यास ते तग धरते. पुढील शिफारशी कोरडवाहू आणि ओलीत अशा दोन्ही प्रकारच्या नवऱ्यांना लागू आहेत.

सर्वप्रथम वेळापत्रक. ते तुमच्या हातात नाही, महावितरणच्या हातात आहे. शेतीची थ्री-फेज लाईन कधी दिवसा, कधी रात्री, अशी पाळीने येते. लग्नाचा वाढदिवस रात्रपाळीत आल्यास पुढे ढकलावा; हरभऱ्याचे ओलीत ढकलता येत नाही. "अहो, कधी येता?" असा फोन आल्यास "लाईन गेली की येतो" असे सांगावे. हे उत्तर खरे असते, शिवाय त्यात दोष तिसऱ्याचाच निघतो. अर्थात, लाईन गेली तरी तुम्ही घरी जात नाही. तेव्हा धुऱ्यावर रानडुकरे आलेली असतात.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत ज्यांचा पंप बसला, त्यांचे ओलीत दिवसा उरकते आणि रात्री मोकळ्या होतात. अविवाहितांनी मात्र योजनेच्या नावावरून भलत्या आशा धरू नयेत. मागेल त्याला पंप मिळतो, एवढेच. सोयरिकीला मुलीचे वडील नोकरी विचारतात; त्यात शिपाई चालतो, वीस एकरवाला चालत नाही. (हे मात्र विडंबन नाही.)

फूल देण्याची हौस असल्यास पऱ्हाटीकडे वळावे, पण पारखून. पाकळ्या मिटलेले, गुलाबाच्या कळीसारखे दिसणारे फूल ही डोमकळी असते. आत गुलाबी बोंडअळी बसलेली असते. 2017 साली याच अळीने अख्ख्या विदर्भाला रडवले. डोमकळी तोडून नष्ट करावी, केसांत माळायला देऊ नये.

त्याच अळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. सापळ्यात मादी नसते, तिच्या वासाची गोळी असते. तरी नर पतंग रात्रभर येत राहतात आणि अडकतात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ सापडले की फवारणी. शिवारात प्रेमासाठी वेळ काढणारा एवढाच एक नर, आणि त्याची मोजदाद कृषी खाते करते.

आता वेचणी. दव वाळेपर्यंत कापूस वेचू नये. ओलावा वाढतो, कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदीत 8 टक्क्यांच्या वर भाव कापतात, 12 च्या वर माल घेतच नाहीत. म्हणजे सकाळी बायको तास-दीड तास रिकामी असते, असा निष्कर्ष अनेक नवरे काढतात आणि त्या वेळेत दोन शब्द बोलायला जातात. तेव्हा ती सडा टाकून, पाणी भरून, पोरांचे डबे करून तुमची भाकरी थापत असते. बोलायचेच असल्यास पाण्याचा गुंड उचलून बोलावे. पुढे दिवसभर ती ओटी बांधून तुमच्याच तासाला असते, म्हणजे सहवास भरपूर. फक्त दोघांची तोंडे जमिनीकडे असतात. मजूर बाईला किलोमागे वेचाई मिळते. घरच्या बाईचाही कापूस काट्यावर चढतो, चुकारा मात्र तुमच्या खात्यात येतो. रोमँटिक प्रगतीसाठी आमची सर्वांत खर्चिक शिफारस हीच : त्यातला तिचा वाटा तिच्या खात्यात टाकावा. हा प्रयोग प्रक्षेत्रावर अद्याप फारसा झालेला नाही.

भांडणाची फरदड घेऊ नये. डिसेंबरनंतर उभी ठेवलेली पऱ्हाटी चार बोंडे देते आणि अळीला पुढच्या हंगामापर्यंत पोसते. वाद वेळीच उपटून शेत मोकळे करावे.

दोघांनी कुठे फिरायला जावे, हा प्रश्न नेहमी येतो. पूर्वी पुलगाव-आर्वी शकुंतला रेल्वे होती. कापूस वाहायला टाकलेल्या त्या छोट्या रुळांवरून माणसेही निवांत जात. आता ती बंद आहे. एसटीने आर्वीला जावे, आणि बियाण्याच्या दुकानासमोर थांबू नये.

अधिक माहितीसाठी बायकोशी संपर्क साधावा. वेळ : दव वाळण्यापूर्वी, चुलीजवळ. येताना सरपण आणावे.